पार्वतीआत्याचं लुगडं

राहनाळ
९ जानेवारी २०२५

चिंधूदादास केसरीनाथचा नमस्कार.

‘घरी सगळे बरे असाल’ असं लिहायची हाताला सवय आहे. पण आत्याला जाऊन दहा दिवस झाले, बरे कसले असाल. इकडे आमचं ठीक. दोन्ही गोदामं भाड्याने गेली. आक्का थोडं दूध-भात खाते. तू फोन उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंस, म्हणून मृणालीच्या हाती हे पाठवतोय. माझ्या लेकीवर रागावू नकोस, तिचा यात काही दोष नाही.

आक्काच्या वाढदिवसाच्या सत्काराचे फोटो तू पाहिलेस. आईला अग्नी देऊन दोन दिवस झाले नाहीत आणि मामाच्या घरचे लोक केक कापतात, आक्काआजीला हार घालतात, हेच ना? बरोबर आहे तुझं. मी सगळ्यांना सांगत सुटलो की डॉक्टर म्हणाले, एकशेबारा वर्षांच्या म्हातारीला लेकीच्या मरणाचा धक्का देऊ नका. दादा, डॉक्टरला मी विचारलंच नव्हतं. हॉल ठरला होता, पक्षाचे मोठे पाहुणे यायचे होते, नारपोलीच्या नाक्यावर आक्काचा बॅनर लागला होता आणि खाली हात जोडून मी. मला निवडणुकीचं तिकीट हवंय, हे तुला वेगळं सांगायला नको. आणि एक जानेवारी ही काय तिची खरी जन्मतारीख आहे? आधार कार्ड करताना कोणालाच ठाऊक नव्हती म्हणून टाकलेली. सत्कार महिनाभर पुढे ढकलला असता तर कोणाच्या बापाचं काय जात होतं!

स्टेजवर पाहुण्यांनी विचारलं, “आक्का, मुलं किती?”

“सा व्हती. आता एकली पारू हाय, खारबावला.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माईक माझ्या हातात होता. मी म्हणालो, “आणि आमच्या आत्यासुद्धा अजून ठणठणीत आहेत बरं का!” पुन्हा टाळ्या. आपल्यातली चार माणसं खाली मान घालून बसली होती, ती मला दिसत होती. तरी बोललो मेल्या तोंडाने.

आत्या रोज दिवेलागणीला आक्काला फोन करायची. मी सांगायचो, तिकडे रेंज नाही. आक्काने चार दिवस ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी सकाळी माझ्या बायकोला म्हणाली, “माझ्या डोक्यावरून पानी घाल.” मी विचारलं, तुला कोणी सांगितलं?

“सांगाया कोन पायजे? पारू जित्ती असती त माझ्याशी बोलल्याबिगर जेवली नसती.”

रडली नाही. आंघोळ झाल्यावर पेटी उघडायला लावली. तळाला एक निळं लुगडं होतं. म्हणाली, “ह्ये तिच्यासाठी ठेवलं व्हतं, माहेरचं, अखेरचं. तू काय नेसवलंस तिला?”

दादा, हेच लिहायचं टाळत इथवर आलो. त्या दिवशी तुमच्या अंगणात मी साडी दिली, ‘आक्काने स्वतःच्या हाताने काढून दिलीय’ म्हणालो, आणि वहिनी ती छातीशी धरून रडल्या. ती मी वाटेत गाडी थांबवून दुकानातून घेतली होती. आक्काचा हातसुद्धा तिला लागला नव्हता. घरून मागितली असती तर आक्काला कळलं असतं आणि सत्कार बुडाला असता. माहेरचं म्हणून आत्याच्या अंगावर गेलं ते माझं खोटं.

आक्काला मी तेव्हाच सगळं सांगितलं. शिव्या दिल्या असत्या, काठी मारली असती तरी चाललं असतं. ती भिंतीकडे तोंड करून बसली. पाच लेकरांची तोंडं तिने शेवटची पाहिली, सहाव्याचं मी पाहू दिलं नाही. काल एवढंच म्हणाली, “मना पारूच्या घरी ने.”

शनिवारी तेरावं आहे. तू हो म्हणालास तर तिला आणतो. मी गाडीतून उतरणार नाही, तुम्ही तिला उचलून आत न्या, वजन काहीच राहिलेलं नाही. ती तुला विचारेल, पारू शेवटी काय बोलली, आईची आठवण काढली का. जे झालं ते सांग. मी तिला तेव्हा का आणलं नाही असं कोणी विचारलं तर तेही सांग, माझी लाज राखू नकोस.

मृणालीला हो किंवा नाही, एवढंच सांगून पाठव. नाही म्हणालास तर आक्कापुढे बसून मीच तिला तसं सांगेन. या वेळी रेंजचं, डॉक्टरचं, कसलंच कारण पुढे करणार नाही. माझ्यामुळे तिला लेकीच्या दारात जागा नाही, असंच सांगेन.

‘तुझा भाऊ’ लिहायला पेन धजत नाही, म्हणून नुसताच
केसरीनाथ