लोणावळ्याचा सत्कार आणि आबा

लोणावळा, ४ डिसेंबर १९३६

विलायतेहून परतून आठवडा झाला. बोटीची चक्कर अजून डोक्यात. दारात सकाळपासून माणसं. लंडनला माझं सतारवादन संपल्यावर लोक उभे राहिले, हे इथं माझ्याआधीच पोचलंय. गावानं शाळेत सत्कार ठरवला. अल्लाची मेहेर, दुसरं काय.

आबांना, माझ्या वडलांना, निरोप धाडलाय. येतील? सोळाव्या वर्षी सतार शिकायला घर सोडलं तेव्हा म्हणाले होते, "लोकांच्या दारात वाजवून पोट भरणार? मी ऐकायला यायचा न्हाई." आजवर आले नाहीत.

७ डिसें.

टाकव्याला जाऊन आलो. आबा बांगड्या घेऊन बाजारात बसतात, तिथंच गाठावं म्हटलं. घरी आमचं बोलणं दोन वाक्यांत संपतं. नव्हते. तिकोणा पेठेच्या बाजाराला गेलेले.

एका मावशीनं ओळखलं. "बांगडीवाल्या आबांचं थोरलं न्हवं तुमी? बर्फात वाजवलंत म्हनं."

"कुणी सांगितलं?"

"आबांनी! बांगड्या भरताना दुसरं बोलत्यात व्हय? तिकडं कुनी बाई ऐकून रडली, ते तर लय सांगत्यात."

पॅरिसच्या मैफलीतली बाई. बंदरावर घ्यायला आलेल्या धाकट्या भावाला तेवढी सांगितली होती. म्हणजे आबा त्याला विचारतात. मला कधी...

परतताना टांगेवाला काय बोलत होता, आठवत नाही.

१० डिसें.

सत्कार झाला. शाल, हार, भाषणं. पुढची खुर्ची आबांसाठी ठेवलेली. रिकामीच राहिली.

पण मावळातून माणसं गाड्या जुंपून आली. टाकव्याच्या बायकाही. वादन संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यात काचेची किणकिण. आबांनीच भरलेल्या बांगड्या असणार. लंडनच्या टाळ्यांत हा आवाज नव्हता. हात जोडले, खाली घेववेनात.

११ डिसें.

सकाळी दारात आबा. बांगड्यांची पेटी खाली ठेवली.

"काल गर्दीत नको वाटलं. आता वाजव."

सतार लावताना एकच तार दोनदा चढवली, दोनदा उतरवली. एवढ्या सभांत असं झालं नव्हतं. आबा भिंतीला टेकून, डोळे मिटून. आलाप अर्ध्यावर आला आणि उठले.

"घोरावाडीला बाजार हाय, गाडी चुकंल. बाया वाट बघत असत्याल."

"कसं वाटलं, आबा?"

पायताण घातलं. मग म्हणाले, "उरलेलं पुन्हा कवातरी."

स्टेशनापर्यंत पेटी मी घेतली. आबांनी घेऊ दिली.