एका दुपारी उरकलेले वीस दिवस

प्रति,
मा. विभागीय शिक्षणाधिकारी,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला.

विषय : वस्तीतील मुलांचे वीस दिवसांचे उन्हाळी विज्ञान शिबिर एका दुपारी उरकणाऱ्या शिबिरप्रमुखांना अद्दल घडवण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाच्या जिन्यात लावलेले सदर शिबिराचे वीस फोटो.

महोदय,

मी खाली सही करणारी, गोदामामागच्या वस्तीत गेली अकरा वर्षे इस्त्रीचे दुकान चालवते. सदर अर्ज मी सूड घेण्याच्या हेतूने करीत आहे. शेजारच्या निवृत्त कारकूनकाकांनी मसुदा तपासताना 'सूड' खोडून 'न्याय' असे लिहिले होते. ते मी पुन्हा खोडले. बरे दिसत नाही, असे काकांचे म्हणणे आहे. न दिसो.

१. शिबिर १ ते २० मे असे जाहीर झाले होते. सूक्ष्मदर्शकातून पाण्याचा थेंब पाहायला मिळेल, असे पत्रकात छापले होते. माझी मुलगी (इयत्ता सातवी) टाकीच्या तळाचे पाणी बाटलीत भरून १ तारखेस सकाळी दहा वाजता पत्र्याच्या शेडपाशी हजर झाली. शेडला कुलूप होते. शिबिरप्रमुख फोनवर "उद्या नक्की" म्हणाले. असे आठ दिवस चालले. मुलांनी त्यांचे नाव 'उद्या सर' ठेवले असून या अर्जातही तेच वापरले आहे.

२. ९ मे रोजी सकाळी उद्या सरांनी माझ्याकडे तीन शर्ट टाकले व उभ्या उभ्या इस्त्री करून मागितले. एका माणसाला एका दिवसात तीन शर्ट कशाला, असे मनात आले, पण गिऱ्हाइकाला तसे विचारत नाहीत. त्या घाईत आकाशी शर्टाच्या खिशावर इस्त्री जास्त वेळ टेकली व नखाएवढा तपकिरी डाग पडला. ते चारचौघांत मला वाट्टेल ते बोलले. चूक माझी होती, म्हणून मी ऐकून घेतले.

३. त्याच दुपारी शेड उघडली. मुलीचे अक्षर चांगले, म्हणून तिला फळ्याशी उभे केले. तिने १ मे लिहिले, फोटो काढला. पुसून २ मे लिहिले, पुन्हा फोटो. मध्ये मध्ये मुलांच्या जागा बदलल्या, सरांचे शर्ट बदलले. प्रत्येक फोटोत एकेक मूल सूक्ष्मदर्शकावर वाकवले, पण त्यावरचे प्लास्टिकचे आवरण काही काढले नाही. माझ्या मुलीवर वाकायची पाळीही आली नाही, कारण तिच्या हातात खडू होता. साडेचार वाजता २० मे उजाडला व सूक्ष्मदर्शकाची पेटी गाडीत गेली. तिने बाटली पुढे केली तेव्हा ते म्हणाले, "अगं, फोटो छान आलेत ना? मग झालं तर! थेंब काय पळून जातोय? उद्या बघू." दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप होते.

४. तेव्हापासून मुलीने एकाही वहीवर तारीख टाकलेली नाही. शाळेत बाई रागावतात, वर्गाबाहेर उभे करतात. मला म्हणते, "आई, ते खोटं माझ्या अक्षरात आहे गं." माझी इस्त्री निदान संध्याकाळी गार होते, साहेब, माझा राग होत नाही. बाटलीतले पाणी हिरवे झाले आहे, पण ती टाकू देत नाही.

५. गेल्या आठवड्यात आपल्या कार्यालयात कपडे पोचवायला आले असता जिन्यातले फोटो पाहिले. १ मेच्या फोटोत उद्या सरांच्या खिशावर माझा डाग आहे. ९ तारखेला पडलेला डाग १ तारखेला कसा दिसतो, हे त्यांनी विज्ञानाच्या आधारे समजावून सांगावे. डाग ओळखण्यात माझी चूक होणे शक्य नाही. आता तोच शर्ट त्यांनी माझ्याकडे पाठवला असून निरोप असा की, "डाग झाकेल असं काहीतरी करा, शुक्रवारी उत्कृष्ट शिबिराचा पुरस्कार घ्यायचाय." पुरस्कार आपल्याच हस्ते आहे, असे कळते.

६. सबब नम्र विनंती की, पुरस्कार रद्द करू नये. रद्द केला तर ते घरी पंख्याखाली बसतील, त्यात माझे समाधान नाही. त्यांच्याकडून शिबिर भरवून घ्यावे. वीस दिवस, दहा ते पाच, त्याच शेडमध्ये. पंखा एकच आहे, तो मुलांकडे राहील. 'उद्या' हा शब्द तोंडातून निघाल्यास एक दिवस वाढवावा. अंगात रोज तोच शर्ट असावा. तो धुऊन, मानेला टोचेल इतकी कडक खळ घालून देण्याची जबाबदारी मी आनंदाने घेते. प्रश्नाचे उत्तर न आल्यास त्यांनी उभे राहावे. माझी मुलगी फार प्रश्न विचारते. आणि पहिला थेंब तिच्या बाटलीतला असावा.

तोपर्यंत शर्ट माझ्या ताब्यात राहील. डाग जसाच्या तसा आहे.

आपली नम्र (आपल्यापुरती),
सही/-
इस्त्रीवाली, गोदामामागची वस्ती

सोबत : (१) शिबिराचे पत्रक. (२) ९ मेची दुकानाची चिठ्ठी : 'शर्ट तीन', खाली उद्या सरांची सही. (३) बाटली जोडलेली नाही. मुलगी देत नाही.

दिनांक :

(तारखेविना अर्ज घेत नाहीत, हे मला ठाऊक आहे. स्वच्छ प्रत मुलीने लिहून दिली व इथे आल्यावर पेन खाली ठेवले. शेड उघडेल त्या दिवशी ती येऊन स्वतः टाकील. जागा सोडली आहे.)