मधली सतरंजी

वलगाव,
३ फेब्रुवारी २०२५

चि. दीपमालास,
बाबांचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

वि. वि. फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून लिहितो. तुझ्या आईला स्मशानात नेलं त्या दिवशी नातेवाइकांनी तुला बायांत बसायला सांगितलं आणि तू घरात पाऊल न ठेवता अकोल्याला परतलीस. येत्या रविवारी तिच्या स्मृतीसाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. तू यावंस.

तू मुलगा नाहीस, मुलगीही नाहीस, तुला ‘ते’ म्हणावं, असं तू सांगतेस, पण हे माझ्याच्यानं होत नाही. घरच्या लेकराला कोणी अहो-जाहो करतं का? पाहुणा आल्यासारखं वाटतं. तुझी आई मात्र अंथरुणावरूनही सराव करायची. आमचे दीप उद्या येऊन राहिले, असं तिनं दुर्गाबाईंना सांगितलं, तर दीप म्हणजे तुझा नवरा असं समजून, शेजारीण असून आपल्याला जावई कावून दाखवला नाही म्हणून त्या रुसल्या. आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्यानंतर ती हसल्याचं मला आठवत नाही.

राग अकोल्यात ठेव आणि ये.

तुझे बाबा,
किसनराव

*

अकोला,
११ फेब्रुवारी

आदरणीय बाबांना,
दीपचा सविनय जयभीम.

वि. वि. रविवारी मी आल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. बसला उशीर झाला. मंडपात वंदना सुरू होती, म्हणून कनातीमागेच थांबावं लागलं. उजवीकडे पुरुष, डावीकडे बाया. आपण कुठे बसायचं तेच मला कळेना. तेवढ्यात योगेशदादानं माइकवरून पुकारलं, की मैनाबाईंची कन्या दीपमाला हिनं पुष्प वाहावं.

मला आईला फूल वाहायचं होतं, बाबा. पण त्या नावानं पुढे जायला पाय उचलेना. आईनं ते नाव कधीच सोडलं होतं. ओंजळभर निशिगंध आणला होता, तो तसाच परत अकोल्याला आला.

आई होती तोवर त्या घरात मला जागा होती. आता माझं येणं होणार नाही. तुमच्या गुडघ्याचं तेल पार्सलनं पाठवलं आहे, रोज चोळत जा.

तुमच्या मायेवर अजून हक्क आहे असं समजून,
दीप

*

वलगाव,
१५ फेब्रुवारी

चि. दीप,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र वाचलं आणि घास गोड लागला नाही. काय पुकारायचं, ते योगेशला सांगायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

पण कनातीमागून तुला समोरचं दिसलं नसेल. दोन्हीकडच्या माणसांच्या मध्ये, आईच्या फोटोपुढे, तिची निळी सतरंजी मी अंथरली होती. मधात जागा ठेवजा, तिथे आपले दीप बसतीन, असं तिनं दवाखान्यात माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. सहदेवकाका तिथे बसायला लागले, त्यांना मी उठवलं. ही कोणाची जागा, असं त्यांनी विचारलं. मी चारचौघांत सांगितलं, की आमच्या दीपची हाये, ते येऊन राहिले. जीभ अडखळली नाही. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मी रस्त्याकडे पाहत बसलो. सतरंजी शेवटपर्यंत रिकामी राहिली.

तुला मी तूच म्हणणार, माझं लेकरू आहेस. लोकांशी बोलताना मात्र तुझ्या आईसारखंच बोलेन. दर पौर्णिमेला घरी वंदना असते, सतरंजी मधातच असेल.

आज दुर्गाबाईंनी विचारलं, की दीपमाला मायच्या कार्यक्रमालेही आली नाही काय. मी त्यांना सांगितलं, ते आले होते. मलेच दिसले नाहीत.

तुझी वाट पाहणारे,
बाबा