खिळ्याच्या टायरातलं गवत

४ मार्च
केलं! खिळ्याच्या दोन्ही चाकांतलं गवत उपसलं. खिळा म्हणजे आमच्या सायकल तुकडीचा हवालदार – सारखा टोचतो म्हणून खिळा. ट्यूबा कधीच संपल्यात. सगळेच टायरात गवत ठासून वरून सुतळी आवळतो. त्याची सुतळी अर्धी कापून ठेवलीय. उद्या कूच. ज्याची सायकल मोडेल त्यानं ती खांद्यावर घेऊन मागून पळायचं, हा त्याचाच नियम. पळ लेका!

दादाचा पाय गेला त्याचा सूड आहे हा. उतारावर आम्ही दोघं भाऊ मागेपुढे होतो. माझी सायकल कचकन थांबली. दादाची थांबेचना – ब्रेकला रबरंच नाहीत! आणि सायकली तपासायचं काम कुणाचं? खिळ्याचं.

५ मार्च, सकाळ
खिळा शीळ घालत सायकल पुसतोय. पूस, पूस.

६ मार्च
सगळा विचका! फरशीच्या रस्त्यावर त्याचे दोन्ही टायर निघाले. पण हा उतरलाच नाही. नुसत्या रिमांवर खडखड खडखड दामटत सुटला. तो आवाज ऐकून पुलावरचे शत्रूचे पहारेकरी ओरडले, ‘रणगाडे आले!’ – आणि पसार! गोळी न झाडता पूल आमचा. कॅप्टननं त्याला मिठीच मारली. ‘याला म्हणतात डोकं, हवालदार!’ आता हुकूम आहे – सगळ्यांनी टायर काढा. बूड सोलवटलंय माझं!

९ मार्च
खिळ्याला पदक मिळणार. माझ्या सुतळीवर! मिळू दे. छातीवर लावतील त्याच क्षणी सगळ्यांदेखत ओरडून सांगणार – सुतळी मी कापली, आणि दादाच्या ब्रेकचंही. मला कोठडी होईना का. त्याचं तोंड तर काळं होईल.

११ मार्च
खिळ्यानं बाजूला बोलावलं. सुतळीचा तुकडा हातावर ठेवला. ‘सुरीला धार लाव रे. कापलीस तीही अर्धवट.’ आणि गेला निघून! कॅप्टनला सांगितलं नाही. टरकला असणार.

१२ मार्च
दवाखान्यातून दादाचं पत्र. ‘तुझे ब्रेक झिजले होते. माझी रबरं काढून तुझ्या सायकलला लावली. सांगितलं असतं तर तू घेतली नसतीस. हवालदारानं हटकलं होतं मला, पण मी थाप मारली – आत्ता नवी बसवतो म्हणालो. त्याच्याशी नीट वाग.’

पदक उद्या. मी तोंड उघडणार नाही. कागदा, तूही उघडू नकोस. कुणाला सांगू नकोस रे – दादाला तर नाहीच नाही. पाया पडतो तुझ्या.