बियाणेवहीची पहिली आवृत्ती

भातसानगर,
१२ नोव्हेंबर २००६

चि. संजूस अनेक आशीर्वाद.

आपल्या कॉम्प्युटरवरच्या बियाणेवहीची दुसरी आवृत्ती काल सोडली! धरणावरची ड्युटी संपली की रोज दोन तास, असा आठ महिने बसलो होतो. पहिलीसारखीच ही फुकट आहे, कोणीही घ्यावी, आतला कोड उघडून पाहावा. अक्षरं जुळवणारी नवी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरली, त्यामुळे जोडाक्षरं आता मोडत नाहीत. पहिली आवृत्ती आजपासून बंद, तिच्यातल्या चुका यापुढे मी दुरुस्त करणार नाही. तुझ्या शाळेतल्या मुलींनी डोंगरगावांची अठ्ठावन्न भातं या वहीत नोंदवलीत, म्हणून पहिली सीडी तुलाच.

तुझी वहिनी म्हणते, मी तिच्यापेक्षा कॉम्प्युटरशी जास्त बोलतो. खोटं कशाला सांगू, बोलतो.

माया आहे तशीच वाढती ठेव.

तुझा,
अनिलदादा


धसई,
१७ नोव्हेंबर २००६

ती. अनिलदादास शि. सा. न. वि. वि.

सीडी हाती पडली आणि मी मुलींसमोर अक्षरशः नाचले. त्याच आनंदात घोडचूक केली. काही न तपासता अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न नोंदी नव्या वहीत घालून जुन्यांवरच सेव्ह केल्या. अक्षरं काय सुरेख दिसतात रे! पण छपाईचा प्रोग्राम उठेना. त्याला जुनीच लायब्ररी लागते आणि तुझ्या वहीला नवी. एक घातली की दुसरं बंद पडतं. मागे फिरावं, तर नव्या नोंदी जुन्या वहीला वाचता येत नाहीत, म्हणजे अठ्ठावन्न भातांवर पाणी सोडायचं.

३ डिसेंबरला मुरबाडला बियाण्यांचं प्रदर्शन आहे. मुलींना भातं सांगणारी पारूमावशी तिच्या पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना घेऊन येणार. त्यांनी सांगितलेलं बियाणं नोंदवून, ज्याचं पान त्याला तिथल्या तिथे छापून द्यायचं, असा मी शब्द दिलाय. ही नावं त्यांच्यामागे कोणाला येत नाहीत, दादा. मला रडू येतंय.

लोभ असू दे. माझाही आहे, सध्या रागाच्या खाली.

संजीवनी


भातसानगर,
२१ नोव्हेंबर २००६

चि. संजूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून शरमलो. माझ्याकडे सगळंच नवं, त्यामुळे ही भांडणं मला दिसलीच नाहीत. पूर्ण सिस्टिम नवी घातलीस तर छपाईही नव्या लायब्ररीवर येईल. पण तिला तुझ्या मशीनच्या चौपट मेमरी लागते, ती कुठून आणायची? दुसरा उपाय मला सुचत नाही. बोल लावायचा तर मला लाव, स्वतःला नको.

तुझाच,
अनिलदादा


धसई,
२५ नोव्हेंबर २००६

ती. अनिलदादास शि. सा. न. वि. वि.

चाललं रे, चाललं! दोन्ही एकदम चाललं!

काल पारूमावशी आली होती. माझं तोंड बघून काय झालं म्हणून विचारलं, मी लायब्रऱ्यांचं रडगाणं सांगितलं. ती म्हणाली, की दोन बियाणी एका कणगीत भरतंच कोन गो, कोळपीची कणगी येगळी, पटणीची येगळी, यात रडायचं काय. मी तिथेच उठले. दोन फोल्डर केले, एकात जुनी लायब्ररी, एकात नवी, आणि प्रत्येक प्रोग्रामला दोन-दोन ओळींत सांगून ठेवलं की तुझी कोणती. मुलींनी एवढा आरडाओरडा केला, की शेजारच्या वर्गातले मास्तर धावत आले! त्या ओळी सोबत पाठवते.

आमच्या उरलेल्या दोन मशीनवर मात्र तुझी नवी वही मावतच नाही. पहिली बंद करू नकोस.

राग गेला, लोभ उरला, तो सांभाळ.

संजीवनी


भातसानगर,
२८ नोव्हेंबर २००६

चि. संजूस अनेक आशीर्वाद.

आठ महिने खपून मला जे दिसलं नाही, ते पारूमावशीला उभ्या-उभ्या दिसलं! तुझ्या ओळी घालून २.१ ही आवृत्ती आज सोडली, खाली तुझं आणि मावशीचं नाव घातलंय. पण दोन आवृत्त्या एकट्याने ओढणं मला खरंच झेपत नाही. पहिली तू सांभाळशील का? लोकांच्या तक्रारी तुला येतील, दुरुस्तीही तूच करायची. अडलीस तर मी आहे.

उत्तराची वाट पाहतो.

अनिलदादा


धसई,
४ डिसेंबर २००६

ती. अनिलदादास शि. सा. न. वि. वि.

काल तेवीस पानं छापली! पारूमावशीने पान उलटं धरलं होतं. मुलींनी सरळ करून तिचं नाव दाखवलं, तर त्यावरून बोट फिरवत ती किती वेळ उभी होती. मग म्हणाली, की अजून सात भातं सांगायची ऱ्हायलीत, बस, लिव.

पहिली आवृत्ती मी घेतली. एकच अट. ती बंद कधी करायची ते यापुढे मी सांगेन, तू नाहीस.

लोभ आहेच, आता धाकही असू दे.

तुझी,
संजीवनी