चिठ्ठी घेऊन येणारा माणूस

दारव्हा,
२ डिसेंबर २०२४

चि. मंदारास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, दिपाली फोनवर म्हणाली, तू हल्ली जेवताना अर्ध्यावरून उठतोस आणि काही विचारलं तर भलतंच उत्तर देतोस. बायकोनं नवऱ्याबद्दल असं सांगितलं की मला घोर लागतो. यवतमाळात वकील काय तू एकटाच आहेस? लहानपणीही गल्लीतल्या सगळ्यांच्या मांज्याचा गुंता तूच सोडवत बसायचास. जरा कामं कमी कर.

ही चिठ्ठी घेऊन येणारा भावसिंग आपल्या शेजारच्या शेतातला. बांधावरच्या विहिरीचा वाद आहे. फोनवर सांगितलेलं तू विसरतोस, माणूस समोर बसला की काम होतं, म्हणून पाठवते. तेवढं बघ.

प्रकृतीला जप, म्हणजे माझ्या जिवाला स्वस्थता.
तुझी रत्नाताई

यवतमाळ,
८ डिसेंबर

ती. सौ. ताईस मंदारचा सा. न. वि. वि.

भावसिंगचं काम बघितलं. पण गुरुवारी कोर्टात किसनसिंग नावाच्या दुसऱ्याच पक्षकाराच्या वाटणीच्या दाव्यात उभा राहिलो आणि भावसिंगच्या बांधावरच्या विहिरीवर बोलत सुटलो. किसनसिंगच्या शेतात विहीरच नाही. तो बिचारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. न्यायाधीशांनी सांभाळून घेतलं, पुढची तारीख दिली. पण ताई, मी फार घाबरलोय. अशानं एक दिवस कुणाचं तरी शेत जाईल.

डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलाय, कामं कमी करा. कोणती, ते दिपालीनं विचारलं. कोर्टानं मी थकत नाही. थकतो सकाळी, चहाच्या आधीच ओसरीत येऊन बसलेल्या माणसांनी. ती बहुतेक तुझी चिठ्ठी घेऊन आलेली असतात, आणि निम्म्या कामांना वकील लागतच नाही. ती कामं आता माझी ज्युनियर वर्षा बघेल, शनिवारी, ऑफिसात. घरी कुणाला पाठवू नकोस.

गावात तुझा शब्द खाली पडेल हे मला कळतं. तू रागावशील या धास्तीनं हे पत्र दोनदा फाडलं.

रागावलीस तरी माया पातळ करू नये ही विनंती.
मंदार

दारव्हा,
१५ डिसेंबर

चि. मंदारास आशीर्वाद.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा तानाबाई, आपल्याकडे कापूस वेचायला येते ती, माझी चिठ्ठी घेऊन जीपमध्ये बसलीही होती. तिला तू फाटकातूनच वर्षाकडे पाठवलंस, हे दिपालीनं फोनवर सांगितलं. बहिणीची चिठ्ठी आता ज्युनियरनं वाचायची. तुझे भाऊजी हसले, मला मात्र गावात तोंड दाखवायला नको झालंय.

इथवर रागानं लिहिलं. मग तानाबाई येऊन गेली. काम झालं, पोरगी चांगली हाये, म्हणाली. पण तुमचा भाऊ मले ठीक नाही दिसला, फाटक वाजलं का दचकते, हातातला चहा बशीत सांडला, असंही म्हणाली. खरं सांग, काय झालंय तुला? माझं मन थाऱ्यावर नाही.

उत्तराची वाट बघणारी,
रत्नाताई

यवतमाळ,
१९ डिसेंबर

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

किसनसिंगची तारीख सोमवारी झाली. नीट बोललो, तेवढं एक बरं.

सकाळी आता ओसरी रिकामी असते. तरी मी उजाडताच कपडे करून बसतो. फाटक वाजलं की वाटतं, तुझा माणूस आला, त्याला परत कसा पाठवू? नाही वाजलं की वाटतं, ताईनं आपलं नाव टाकलं. हे शेवटचं सोडलं तर तुझ्या एकाही पत्राचा शेवट 'तेवढं बघ' शिवाय झालेला मला आठवत नाही. तुझं माझ्याकडे काही काम नसेल तर तू मला लिहिशील का, याची मला भीती वाटते.

आठवण असू द्यावी.
मंदार

दारव्हा,
२२ डिसेंबर

चि. मंदारास ताईचे पोटभर आशीर्वाद.

गावात सांगून टाकलं, कामं असतील तर शनिवारी वर्षाबाईकडे जायचं. सांगताना जिवावर आलं होतं. कुणी नावं ठेवली नाहीत. शेजारच्या बिजलीबाईनं तर उलट विचारलं, भाऊ जेवते ना बरोबर?

हे पत्र घेऊन भावसिंग येतो आहे. फाटक वाजलं तेव्हा दचकला असशील, पण त्याचं तुझ्याकडे काहीही काम नाही. पिशवीत तुरीच्या शेंगा आहेत, दिपालीला ओल्या दाण्यांची, सोल्यांची आमटी करायला सांग. भावसिंगला पाटावर तुझ्या शेजारी बसव. तू ताटावरून मध्येच उठतोस की पुरतं जेवतोस ते बघून तो संध्याकाळच्या जीपनं परतेल आणि मला सांगेल.

तेवढं त्याला बघू दे.
तुझी ताई