पटावर नसलेलं नाव

आखन,
जर्मनी, १८ फेब्रुवारी २०२४

ती. वसुधाआत्यास,
मैथिलीचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मोबाइलवर टाइप करायचं तुझ्या जिवावर येतं, म्हणून शेवटी कागद घेऊन बसलेय. अक्षराला हसू नकोस. शाळेत असताना तूच मला पुस्ती गिरवायला लावायचीस, त्याचा काही उपयोग झाला नाही हे आता जगजाहीर होईल.

मी बरी आहे. थंडी ओसरतेय, पण सायकलवरून इन्स्टिट्यूटला पोचेपर्यंत नाक जागेवर आहे का ते चाचपावं लागतं. पीएचडीचं काम चालू आहे: जुन्या रेकॉर्डिंगमधली खरखर काढून मूळ आवाज वर आणणं. त्यातच एक विलक्षण गोष्ट घडलीये. कधी एकदा तुला सांगते असं झालंय.

हॅनोव्हरला फ्राऊ (म्हणजे श्रीमती) लोमान म्हणून निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांचे वडील पक्ष्यांचे अभ्यासक होते. १९५८ साली ते उत्तर कॅनडात पक्ष्यांचे आवाज टेप करायला गेले होते. वडील जाऊनही कितीतरी वर्षं झाली, पण त्या टेप्स फ्राऊ लोमानच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, पडून होत्या. त्यांनी त्या साफ करायला आमच्याकडे दिल्या आणि काम माझ्याकडे आलं. अकरा टेप्सवर खरंच पक्षी आहेत. बाराव्या टेपवर मुलं आहेत, आत्या.

ते गृहस्थ काही दिवस एका निवासी शाळेत उतरले होते. तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांना घरून उचलून आणून अशा शाळांत ठेवायचे. त्यांची भाषा बंद, कपडे बंद, नावाऐवजी नंबर. टेपवर आधी मुलं प्रार्थना म्हणतात, मग एकेक जण इंग्रजीत नंबर आणि नाव सांगतो. मग घंटा होते, पावलं लांब जातात. त्यापुढे नुसती खरखर. वडिलांच्या वहीत या भागापुढे लिहिलंय: पक्षी नाहीत, निरुपयोगी.

मी तो भाग प्रोग्रॅमला लावून दिला. त्याने खरखर समजून सगळं पुसलं. काढून टाकलेला आवाज शेवटी एकदा ऐकायचा अशी मला सवय आहे, म्हणून ऐकला. त्या कचऱ्यात एक लहान मुलगी कुजबुजत होती. माइकच्या अगदी जवळ येऊन ती काहीतरी एकच शब्द म्हणते. मग थांबते. पुन्हा म्हणते. पुन्हा थांबते. चौदा सेकंद. मी मूळ टेपवर परत पहिल्यापासून काम सुरू केलं, या वेळी हाताने. तीन आठवडे लागले.

खोक्यावर शाळेचं नाव आहे. फ्राऊ लोमाननी कॅनडातल्या त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेला पत्र टाकलंय. बघू.

मी इथे सगळ्यांना सांगितलं की माझी आत्या बत्तीस वर्षं मेळघाटात कोरकू आदिवासी मुलांच्या आश्रमशाळेत शिकवत होती. मला फार अभिमान वाटला. तुमच्याकडची मुलं पहिल्या दिवशी कशी असायची गं? सवडीने लिही.

गुडघ्याला तेल लावतेस ना? माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.

तुझी,
मैथिली

---

अमरावती,
११ मार्च २०२४

चि. मैथिलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षराबद्दल काही बोलत नाही, मात्र 'विलक्षण' तू बरोबर लिहिलंस याचा आनंद झाला. गुडघा आहे तसाच आहे. शेजारच्या मीनलने नवीन मलम दिलंय, त्याचा वास गुडघेदुखीपेक्षा वाईट आहे. उन्हं आत्ताच तापायला लागली आहेत. या वर्षी पापड करणार नाही असं ठरवलंय, म्हणजे करीनच.

तुझ्या टेपची हकिकत दोनदा वाचली. केवढ्या चिकाटीचं काम केलंस! तुझ्या बाबांनाही वाचून दाखवलं.

पण एक सांगते. त्या शाळा आणि आमची शाळा यांची तुलना करू नकोस. आमच्याकडे कुणाला उचलून आणलं नव्हतं. आईबाप स्वतः आणून सोडायचे. आम्ही दोन वेळचं जेवण दिलं, खरूज बरी केली, बाराखडी शिकवली. माझी मुलं आज तलाठी आहेत, नर्स आहेत. मी कुणावर हात उचलला नाही. आमच्याकडे असलं काही नव्हतं.

पहिल्या दिवशी मुलं कशी असायची, तर गप्प असायची.

ती कुजबुजणारी मुलगी काय म्हणते ते कळलं का? कळलं की लिही. आणि त्या शाळेत मुलांची नावं बदलायचे का, तेही विचार. सहज विचारतेय.

उन्हाळ्यात येणार असशील तर आधी कळव, म्हणजे लोणचं मुरलेलं असेल. तब्येतीला जप आणि म्हातारीची आठवण ठेव.

तुझी,
वसुधाआत्या

---

आखन,
२० ऑक्टोबर २०२४

ती. वसुधाआत्यास,
सा. न. वि. वि.

उन्हाळ्यात येणं जमलं नाही, त्याबद्दल तू रागावली आहेस हे बाबांकडून समजलं. लोणच्याची बरणी सुट्टीहून परतणाऱ्या उत्कर्षबरोबर आली. आमच्या मजल्यावरच्या तीन जर्मनांनी ती अर्धी संपवली.

आत्या, ती आली. म्हणजे त्या मुलीची बहीण.

त्यांचं नाव डोरिन. वय चौऱ्याहत्तर, कॅनडातल्या क्री या आदिवासी समाजाच्या. आमचं पत्र पोचल्यावर चार महिन्यांनी त्या म्हणे एक दिवस नातवाला म्हणाल्या की तिकीट काढ. तोही आला होता. फाइल पाठवली असती, पण त्यांना ती मूळ टेपच ऐकायची होती, आणि ती सांभाळणाऱ्या माणसांना बघायचं होतं. फ्राऊ लोमान हॅनोव्हरहून केक घेऊन आल्या. ट्रेन दोन तास उशिरा, त्यामुळे केकचं रूप पालटलं होतं.

मी टेप लावली. प्रार्थनेच्या वेळी डोरिनबाई ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर, जणू आत्ताही कुणी बघतंय. नंबर आणि नावं सुरू झाली. नंबर बावीस, रोझ. त्यांनी डोळे मिटले. रोझ त्यांची धाकटी बहीण. सहा वर्षांची. त्याच हिवाळ्यात ती शाळेत छातीच्या दुखण्याने गेली. घरी निरोप पोचला तेव्हा बर्फ वितळला होता. कुठे पुरलं ते कुणाला सांगता आलं नाही. फोटो नाही.

मग घंटा झाली, पावलं गेली आणि ती कुजबुज आली.

डोरिनबाई उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. दारातून कुणी हाक मारल्यावर आपण उठतो ना, तशा उठल्या आणि स्पीकरशी त्यांच्या भाषेत बोलायला लागल्या. नातू माझ्याकडे बघायला लागला. त्यालाही कळत नव्हतं, त्याला ती भाषा येत नाही.

त्यांनी सात वेळा ऐकलं. मग बसल्या आणि आम्हाला सांगितलं. रोझ हे शाळेने दिलेलं नाव. घरचं नाव आजीने ठेवलं होतं, आणि ते डोरिनबाई विसरल्या होत्या. ते नाव उच्चारलं की शाळेत मार बसायचा, म्हणून त्याच शाळेत असलेल्या आठ वर्षांच्या डोरिनने ते तोंडातून आणि मग डोक्यातूनही काढून टाकलं. बहिणीचा चेहरा आठवायचा, तिला मोठे होणारे बूट आठवायचे, नाव नाही. आईबाप गेले, आजी गेली, ते माहीत असलेलं कुणी उरलं नाही. म्हणाल्या की या एका गोष्टीची लाज त्यांनी सहासष्ट वर्षं कुणाला सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही.

आणि आत्या, रोझ स्वतःचं नाव सांगत होती. डोरिनबाईंना आठवलं, त्या गृहस्थांनी सकाळी मुलांना दाखवलं होतं की हे यंत्र तुमचा आवाज परत देतं. मोठी माणसं गेल्यावर पोर माइकजवळ आली, आपलं खरं नाव यंत्राला सांगितलं आणि ते परत यायची वाट बघत थांबली. आलं नाही म्हणून पुन्हा सांगितलं. त्या चौदा सेकंदांतली शांतता म्हणजे तिचं वाट बघणं आहे. मी ती शांतता 'रिकामी' म्हणून कापणार होते.

ते नाव मला पाठ आहे, पण लिहीत नाही. डोरिनबाईंनी सांगितलं की ते आधी त्यांच्या गावच्या माणसांनी ऐकायचं, मग कागदाने.

फ्राऊ लोमान रडत होत्या. वडिलांनी 'निरुपयोगी' लिहिलेली वही त्यांनी स्वतः पुढे केली आणि माफी मागितली. डोरिनबाईंनी ते पान वाचून घेतलं आणि म्हणाल्या की टेप त्या काळी महाग असणार, त्यावर दुसरे पक्षी भरता आले असते. 'ते भरले नाहीत, एवढं मी तुमच्या वडिलांच्या बाजूने धरते,' त्या म्हणाल्या, 'पण त्याहून जास्त नाही.'

निघताना मी मोठ्या तोऱ्यात तुझ्याबद्दल सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं की तुझ्या आत्याच्या मुलांची घरची नावं काय होती? मला एकही सांगता आलं नाही. मार्चमध्ये तूही नावांबद्दलच विचारलं होतंस, तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता आलंय, असं वाटतं. तुला लिहावंसं वाटलं तरच लिही. नाही लिहिलंस तरी तू माझी आत्याच आहेस.

तुझी,
मैथिली

---

अमरावती,
८ डिसेंबर २०२४

चि. मैथिलीस,
अनेक आशीर्वाद.

मार्चच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्याकडे असलं काही नव्हतं. ते खोटं होतं. लिहितानाच मला ते ठाऊक होतं, म्हणून तर नावांचं विचारलं.

आमच्याकडे नावं मीच बदलायची. कुणी सांगितलं नव्हतं. जूनमध्ये मुलं यायची, त्यांची नावं मला उच्चारता यायची नाहीत किंवा अडाणी वाटायची, मग मी पटावर चांगली नावं घालायची. मला ते नाव ठेवणं वाटायचं, बारशासारखं. आणि वर्गात कोरकू बोलायचं नाही हा नियम. पोर 'डा' म्हणालं तर मला कळायचं की पाणी मागतंय, पण 'पाणी' म्हणेपर्यंत मी देत नसे. हात उचलला नाही हे खरं. त्याची गरजच पडली नाही.

तुझं पत्र आल्यावर आठ दिवस मी ते पुन्हापुन्हा वाचलं. मग एस.टी.ने मेळघाटात, धारणीला गेले. तुझ्या बाबांना सांगितलं नव्हतं, आता सांग. गुडघ्याने घाटात फार त्रास दिला.

सुलभा कासदेकर माझी पहिल्या वर्षांतली विद्यार्थिनी. १९८१ साली सात वर्षांची होती. आता तिच्या गावात अंगणवाडी सेविका आहे. मी तिथे पोचले, तर मला बघून पळतच आली, पाया पडली. मी तिला वर उठवलं आणि दारातच विचारलं की बाई, तुझं घरचं नाव काय होतं? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, सुगरती.

तिने मला चहा दिला आणि सगळं सांगितलं. शाळेत घातल्यावर तिची आई तिला भेटायला आली होती. सोळा किलोमीटर चालत, ओच्यात सीताफळं घेऊन. फाटकावर तिने सुगरती पाहिजे म्हणून सांगितलं. शिपायाला कोरकू येत नव्हतं, तिला मराठी. त्याने पट पाहिला आणि हाताने खूण केली की अशी मुलगी इथे नाही. ती दुसऱ्यांदा आली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सीताफळं फाटकाशी ठेवून परत गेली आणि नवऱ्याला म्हणाली की पोरगी गेली. दिवाळीच्या सुट्टीत सुगरती घरी पोचली तेव्हा तिच्या नावाने रडून झालं होतं. मैथिली, त्या तिन्ही दिवशी मी पन्नास पावलांवर वर्गात होते. ती सीताफळं आम्ही मुलांना वाटली होती, मला आठवतं. कुणी तरी भलं माणूस ठेवून गेलं असं मी म्हणाले होते.

मी तिला विचारलं की इतक्या वर्षांत मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, बाई, तुम्ही कधी मारलं नाही, तापात डोक्याशी बसलात. म्हणूनच सांगता आलं नाही.

तिची आई अजून आहे. पंचाहत्तरच्या पुढची असेल, डोळे चांगले आहेत. मी तिच्यासमोर बसले, हात जोडले आणि माफी मागितली. सुगरतीने तिला कोरकूत सांगितलं. म्हातारीने ऐकलं. नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसली. थोड्या वेळाने सुगरती शेळ्या आणायला खाली ओढ्याकडे गेली आणि आम्ही दोघी राहिलो, मधे 'डा'खेरीज एकही समान शब्द नाही.

तेव्हा म्हातारी उठली. माझा हात धरून मला अंगणाच्या कडेला नेलं. खाली उतारावर सुगरती दिसत होती, एवढीशी. म्हातारीने बोट आधी तिच्याकडे केलं, मग माझ्या ओठांवर ठेवलं.

मी हाक मारली. वर्गातला आवाज निघाला, तिने वळूनही पाहिलं नाही. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा पोटातून ओरडले, सुगरतीऽऽ, आयुष्यात मी असं कुणाला बोलावलं नसेल. शेळ्या थांबल्या. पन्नास वर्षांची ती बाई सरळ उभी राहिली, वर पाहिलं आणि तिने ओ दिली. मग तिथूनच कोरकूत काहीतरी लांबलचक ओरडून सांगितलं. शेजारी म्हातारी इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. सगळा डोंगर त्या दोघींच्या बोलण्याने भरून गेला. मला त्यातला एक शब्द कळला नाही, आणि कुणी तो मला मराठीत सांगितलाही नाही. मी तशीच उभी होते, मंत्र ऐकावा तशी.

डोरिनबाईंना कळव की एक नाव मला माहीत झालं आहे. जानेवारीत पुन्हा जातेय. शाळेने जुने पट बघू द्यायचं कबूल केलंय, सुगरती गावोगाव बरोबर येणार आहे. ज्यांना सांगायचं नसेल त्यांना विचारणार नाही.

हे सगळं वाचून तुला माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटू दे. त्यातून काही माया उरली, तर ती माझ्या वाट्याला ठेव.

तुझी,
वसुधाआत्या